खेळाडूच्या मनाची जबाबदारी कोणाची?

नवी मुंबईत ३० ऑक्टोबर २०२५ रोजी झालेल्या महिलांच्या विश्वचषक क्रिकेट स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचे लक्ष्य भारताने गाठले, त्यात मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जचा वाटा नाबाद १२७ धावांचा होता. या खेळीचे कौतुक यथास्थित झाले. परंतु सामन्यानंतर वार्ताहरांशी बोलताना तिने जे सांगितले, ते या शतकाइतकेच मोलाचे होते. स्पर्धेच्या आरंभी आपल्याला चिंतेने ग्रासले होते, सामन्याआधी आईला दूरध्वनी करून आपण रडत होतो, अशी कबुली तिने कोणताही आडपडदा न ठेवता दिली. मध्यंतरी एका सामन्यातून तिला वगळण्यातही आले होते. तिच्या धीटपणाची सर्वांनीच वाखाणणी केली. तथापि त्याच दिवशी ती शून्यावर बाद झाली असती आणि मग हेच बोलली असती, तर ती सबब ठरली असती, यात संशय नाही. आपल्याकडे मनाच्या दुखण्याबद्दल बोलण्याचा परवाना विजेत्यालाच मिळतो.

मानसिक क्लेश हा पराभवाचाच परिणाम असतो, ही समजूतही खरी नाही. अभिनव बिंद्रा याने २००८ साली बीजिंग येथे भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. ज्या ध्येयासाठी सारे आयुष्य वेचले ते साध्य होताच आपल्याला विलक्षण पोकळी जाणवली, असे त्याने पुढे जाहीरपणे सांगितले आहे. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने २०२१ मध्ये टोकियो येथील सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली, तेव्हा तिच्यावर भ्याडपणाचा आरोप झाला. वस्तुतः हवेत गिरकी घेताना आपले शरीर कोठे आहे याचे भानच तिला राहत नव्हते. अशा अवस्थेत मारलेली उडी मानेवर बेतू शकते. तिची माघार हा विवेकच होता. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णपदके मिळविली.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. सामन्यापूर्वीची धडधड, एकाग्रता ढळणे, मोक्याच्या क्षणी हात थरथरणे या गोष्टी सरावाने आवरता येतात. नाशिकचे भीष्मराज बाम यांनी पोलीस सेवेतून निवृत्त झाल्यावर योगशास्त्राच्या आधारे अनेक नेमबाजांना व क्रिकेटपटूंना हीच विद्या दिली. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे कार्य महाराष्ट्राला भूषणावह आहे. परंतु नैराश्य, निद्रानाश, खाण्याविषयीची विकृत भीती हे आजार आहेत आणि त्यांवर मानसोपचारतज्ज्ञाकडूनच इलाज व्हावा लागतो. अशा खेळाडूला 'मन खंबीर कर' असा उपदेश करणे म्हणजे हाड मोडलेल्याला धावण्याची आज्ञा करण्यासारखे आहे.

मग खेळाडू इलाज का करून घेत नाहीत? केवळ लाजेमुळे, असे म्हणणे सोपे आहे. खरे कारण व्यवहारात आहे. सामान्य घरातील मुलामुलींच्या दृष्टीने खेळ हा नोकरीचा मार्ग असतो. रेल्वे, पोलीस वा बँकेतील खेळाडूंसाठीची जागा, क्रीडा प्रबोधिनीतील प्रवेश, शिष्यवृत्ती हे सारे निवडीवर अवलंबून असते. आपली अस्वस्थता प्रशिक्षकाच्या आणि त्याच्याकडून निवड समितीच्या कानी गेली, तर आपले नाव कटेल, हे भय निराधार म्हणता येत नाही. म्हणून मुरगळलेला घोटा जसा लपविला जातो, तसेच मनही लपविले जाते. मानसतज्ज्ञ नेमला, पण त्याचा अहवाल निवड समितीच्या टेबलावर गेला, तर त्या नेमणुकीचा उपयोग शून्य. सल्लागार आणि निवडकर्ते यांच्यात पक्की भिंत असणे, ही पहिली गरज आहे.

जेथे धड मैदाने नाहीत तेथे ही चैन कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. पण गुप्ततेच्या नियमाला पैसा लागत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीपद्धतीचा प्रारंभ अवघ्या १० प्रश्नांनी होतो. क्रीडावैद्यांना ती सहज अवलंबिता येईल. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेलि-मानस' ही दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. तो क्रमांक प्रत्येक तालमीच्या व क्रीडावसतिगृहाच्या भिंतीवर लिहिण्यास कितीसा खर्च येणार?

याहून मोठे काम शाळेतल्या शिक्षकांचे आहे. कालपर्यंत हसणारा मुलगा अबोल झाला, सरावाला टाळाटाळ करू लागला, त्याचे जेवण तुटले, तर त्याला आळशी ठरवून मैदानाभोवती फेऱ्या मारायला लावण्यापूर्वी दोन शब्द आपुलकीने विचारणे हे कोणत्याही शिक्षकाला अवघड नाही. दुखापतीने घरी बसलेल्या आणि संघातून वगळलेल्या मुलांची विचारपूस तर अगत्याने व्हावी; संघाबरोबरच त्यांचे सोबतीही तुटलेले असतात.

हरलेल्या खेळाडूलाही आपले दुःख बोलून दाखविता यावे आणि ते बोलल्यावरही त्याच्या जागेचा निर्णय त्याच्या खेळावरूनच व्हावा. एवढे साधल्याखेरीज विजेत्यांच्या कबुलीजबाबांचे कौतुक करण्याचा अधिकार समाजाला पोहोचत नाही.