'येथे क्लिक करा' म्हणजे नेमके कुठे?

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत प्रथमच आलेल्या ट्रकचालकाची सारी भिस्त चौकातल्या फलकांवर असते. फलकावर कंपनीचे नाव, प्लॉट क्रमांक आणि बाण असेल, तर गाडी थेट फाटकाशी पोचते. नुसतेच 'इकडे' असे लिहिलेले असेल, तर चहाच्या टपरीवर चौकशी करण्यावाचून गत्यंतर नसते. इंटरनेटवरील दुव्यांचेही असेच आहे. ज्या शब्दांवर क्लिक केल्यावर दुसरे पान उघडते, त्या शब्दांना 'अँकर टेक्स्ट' म्हणतात. हे शब्द वाचकाला वाट दाखवतात, तसेच ते गुगलसारख्या सर्च इंजिनलाही वाट दाखवतात.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे टेल्को आणि बजाज आले, तर २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा प्रकल्प उभा राहिला. या मोठ्या उद्योगांच्या आश्रयाने भोसरी, चिंचवड, चाकण परिसरात प्रेस टूल, जिग-फिक्स्चर, कास्टिंग आणि सीएनसी जॉबवर्क करणारे असंख्य लघुउद्योग वाढले. त्यांची कामे बहुतांशी ओळखीतून आणि जुन्या ग्राहकांच्या शिफारशीतून येत. आता मात्र परगावचा वा परदेशातला खरेदी अधिकारी फोन करण्यापूर्वी इंटरनेटवर शोध घेतो. त्या शोधात जो कारखाना दिसत नाही, त्याच्याकडे दरपत्रकाची मागणीही येत नाही.

शब्दांना वजन का?

गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मधील आपल्या शोधनिबंधात एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले होते. एखादे पान स्वतःविषयी जे सांगते, त्याहून अधिक नेमके वर्णन अनेकदा त्या पानाकडे नेणाऱ्या दुव्याच्या शब्दांत असते, असे ते होते. म्हणूनच दुव्याचे शब्द तो जिथे नेतो त्या पानाच्याही खाती जमा होऊ लागले.

समजा, भोसरीतील एखाद्या लघुउद्योजकाच्या संकेतस्थळावर 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा' असे लिहिले आहे. त्यातून सर्च इंजिनला काहीच बोध होत नाही. त्याऐवजी 'वाहनांच्या सुट्या भागांसाठी प्रेस टूल' हेच शब्द दुव्याचे केले, तर पुढच्या पानावर काय आहे ते स्पष्ट होते. हे शब्द थोडके असावेत, पानाशी जुळणारे असावेत आणि ग्राहक ज्या भाषेत शोध घेतो त्या भाषेत असावेत. दुवा छायाचित्रावर दिला असेल, तर त्या छायाचित्राचा 'ऑल्ट' मजकूर हेच दुव्याचे शब्द मानले जातात. तो रिकामा ठेवणे म्हणजे कोरा फलक लावणे होय. दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडरच्या साह्याने केवळ दुव्यांची यादी ऐकू शकतात. त्या यादीत दहा वेळा 'येथे क्लिक करा' ऐकू आले, तर त्यांनी निवड कशाच्या आधारे करायची?

अतिरेकाची किंमत

शब्दांना वजन आहे म्हटल्यावर त्यांचा गैरवापरही झाला. २००३ मध्ये अनेकांनी 'दारुण अपयश' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे दुवे अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या अधिकृत परिचयाच्या पानाकडे वळविले आणि त्या शब्दांच्या शोधात तेच पान अग्रस्थानी आले. जानेवारी २००७ मध्ये गुगलने या प्रकाराला आवर घातला. फेब्रुवारी २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जे. सी. पेनी या अमेरिकी विक्रेत्या कंपनीकडे नेणारे हजारो असंबद्ध दुवे उघडकीस आणले. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे कंपनीने सांगितले. तरीही शोधातील तिचे स्थान घसरले. एप्रिल २०१२ मध्ये गुगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणून अशा कृत्रिम दुव्यांविरुद्ध मोहीमच उघडली. आता असे दुवे बहुधा हिशेबातच धरले जात नाहीत आणि प्रसंगी संकेतस्थळावर कारवाईही होते.

म्हणून 'हजार दुवे मिळवून देतो' असे सांगणाऱ्या दलालाला पैसे मोजण्यापूर्वी उद्योजकाने विचार करायला हवा. शेकडो अनोळखी पानांवरून एकाच साच्यातले शब्द येऊ लागले, की ते शिफारशीसारखे न वाटता सांगून लावलेल्या फलकांसारखे वाटतात. त्यापेक्षा उद्योजक संघटनेची सभासद सूची, यंत्रपुरवठादार किंवा समाधानी ग्राहक यांच्या संकेतस्थळावरील एखादाच दुवा, त्यांनी आपल्या शब्दांत दिलेला, अधिक मोलाचा ठरतो. स्वतःच्या संकेतस्थळावरील दुवे सुधारण्याला तर एका दुपारपलीकडे वेळ लागत नाही.

अर्थात, दुव्याचे शब्द हा सर्च इंजिनच्या अनेक निकषांपैकी एक आहे. फलक ट्रकला फाटकापर्यंत आणतो. आत कोणती यंत्रे आहेत, कोणत्या धातूवर काम होते, किती अचूकता साधते, हे पुढच्या पानाने सांगायचे असते. ते पान रिकामे असेल, तर आलेला ग्राहक आल्या वाटेने परत जातो.