डोळ्यांपाशी आणलेली सकाळ

माझी भाची स्टॉकहोमला असते. तिची दिवाळी बहुतेक वेळा घड्याळं मागे घेण्याच्या सुमारास येते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात काटा एक तास मागे सरकतो आणि दुपारी चारलाच खिडकीबाहेर अंधारू लागतं. डिसेंबरात तर पावणेनऊला सूर्य उगवतो नि तीनच्या आत मावळतो. पहिले दोन हिवाळे तिला वाटलं, घरची आठवण येतेय. झोप आवरत नव्हती, सारखं गोड खावंसं वाटायचं, कशात जीव रमत नव्हता. वसंत आला की मळभ आपोआप निवळायचं. तिसऱ्या हिवाळ्यात डॉक्टरांनी नाव सांगितलं : ऋतुजन्य नैराश्य.

हा आजार नावानिशी मांडणारे नॉर्मन रोझेन्थाल मूळचे जोहान्सबर्गचे. अमेरिकेत गेल्यावर तिथल्या हिवाळ्यात त्यांनाही हीच मरगळ जाणवली होती. १९८४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि सोबत प्रखर प्रकाशाचा उपचारही. त्याआधी १९८० मध्ये आल्फ्रेड लेवी यांनी दाखवलं होतं की २,५०० लक्स प्रकाशाने माणसाच्या रक्तातलं मेलाटोनिन, म्हणजे रात्रीची खूण देणारं संप्रेरक, दबतं. ५०० लक्सला ते दबत नाही. दिवाणखान्यातला दिवा सहसा ५०० लक्सपर्यंतही पोचत नाही.

आज रूढ असलेला डोस आहे रोज सकाळी अर्धा तास, १०,००० लक्सच्या दिव्यासमोर. कॅनडात २००६ मध्ये ९६ रुग्णांवर या दिव्याची तुलना फ्लुओक्सेटिन या गोळीशी झाली, तेव्हा दोन्ही गटांत ६७ टक्के लोकांना चांगला गुण आला. औषधाच्या तोडीचा हा उपचार आहे, एवढं समजलं तरी किती घरांतला हिवाळा सुसह्य होईल!

अडचण आहे ती बसण्याची. खोक्यावर छापलेले १०,००० लक्स ठरावीक अंतरावरचेच असतात, अनेक दिव्यांच्या बाबतीत जेमतेम फूटभर. खुर्ची मागे सरकली की प्रकाश झपाट्याने घटतो. लहान दिव्याचा तर दुप्पट अंतरावर चौथा हिस्साच उरतो. सकाळी मुलाचा डबा, त्याचे बूट, बसची वेळ. यात माझ्या भाचीने अर्धा तास दिव्यासमोर बसायचं कधी? दिवा टेबलावर, ती ओट्यापाशी. पंधरा दिवसांत तिने तो नाद सोडला.

म्हणून चष्मा. बेल्जियममध्ये, लिएज विद्यापीठाच्या संशोधनातून निघालेला ल्युमिनेट भुवयांच्या वर बसतो. त्याचा निळसर पांढरा प्रकाश वरून परावर्तित होऊन डोळ्यांत येतो आणि समोरचं सगळं दिसत राहतं. नंबरच्या चष्म्यावरही तो चढतो. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठातून आलेला री-टायमर हिरवट प्रकाश देतो. डोकं वळेल तिकडे दिवाही वळतो, त्यामुळे अंतर चुकायचा प्रश्नच नाही.

मात्र ल्युमिनेटची सर्वांत वरची पायरी १,५०० लक्सची. मग ती १०,००० ची जागा कशी घेणार? उत्तर नेत्रपटलात आहे. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांनी तिथल्या काही वेगळ्या पेशी दाखवल्या. त्या स्वतःच प्रकाश टिपतात आणि मेंदूतल्या घड्याळाला दिवस उजाडल्याचं कळवतात. सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. लक्स हे माप बेतलेलं आहे ते नजरेला सर्वांत उजळ भासणाऱ्या हिरवट-पिवळ्या प्रकाशावर. त्यामुळे निळसर १,५०० लक्स या पेशींना पिवळ्या १,५०० पेक्षा बरेच जास्त वाटतात. उत्पादकांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इतकं.

पण इतकंच. नव्वदच्या दशकात टोपीसारखे डोक्यावर घालायचे प्रकाशपट्टे आले होते. १९९३ च्या एका चाचणीत ६०, ६०० आणि ३,५०० लक्सच्या पट्ट्यांनी रुग्णांना जवळजवळ सारखाच आराम पडला. म्हणजे आराम प्रकाशाचा की उपचार चालू असल्याच्या आशेचा, हे सांगता येईना. आजचे चष्मे वेगळे आहेत, झोपेचं वेळापत्रक सरकवण्याच्या कामी ते मला अधिक पटतात. पण दिव्यामागे चार दशकांचा जो पुरावा आहे, तो चष्म्याच्या खात्यावर मांडू नये.

नैराश्य असेल तर आधी डॉक्टर, मग खरेदी. द्विध्रुवी विकार असणाऱ्यांना या प्रकाशाने उन्मादाचा झटका येऊ शकतो. नेत्रपटलाचा आजार असेल किंवा प्रकाशाची संवेदना वाढवणारी औषधं चालू असतील, तरीही विचारल्याशिवाय नको. आणि चष्मा सकाळीच घालायचा. संध्याकाळी घातला तर झोप आणखी पुढे जाते.

भाचीने डॉक्टरांना विचारून दोन्ही ठेवलंय : आठवडाभर चष्मा, सुटीच्या दिवशी चहासोबत दिवा. नरक चतुर्दशीला मी व्हिडिओ कॉल केला तेव्हा तिच्याकडे सहा वाजले होते, बाहेर काळोख. अंघोळ उरकून, भुवयांवर ती निळसर पट्टी लावून ती फराळाची ताटं मांडत होती.