खडा नेमका कुठल्या फांदीत?

पित्तनलिकेत खडा म्हटलं की आपल्याकडे कावीळ, थंडी वाजून ताप आणि पाठोपाठ ‘दुर्बिणीतून काढला’ हे वाक्य ठरलेलं. ही दुर्बीण म्हणजे ईआरसीपी. तोंडावाटे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नळी न्यायची, मुख्य पित्तनलिकेचं मुख थोडं कापायचं आणि बास्केटने किंवा फुग्याने खडा आतड्यात ओढून घ्यायचा. मुख कापण्याचं हे तंत्र 1974 मध्ये जर्मनी आणि जपान या दोन्ही देशांतून पुढे आलं. मुख्य नलिकेतल्या साध्या खड्यासाठी एवढं पुरतं. त्यासाठी रुग्णाच्या यकृताची प्रतिकृती थ्रीडी प्रिंटरवर छापून घेणं म्हणजे उगाचचा खर्च.

प्रतिकृतीचा खरा उपयोग होतो तो खडे यकृताच्या आतच, नलिकेच्या फांद्यांत अडकलेले असतात तेव्हा. दक्षिण चीन, तैवान, कोरिया या पट्ट्यात हे दुखणं जुनं आहे. साचलेलं पित्त, जंतुसंसर्ग, गोड्या पाण्यातले कच्चे मासे खाल्ल्याने पोटात जाणारे कृमी, यांच्याशी त्याचं नातं आहे. खडे बहुधा तपकिरी, ठिसूळ आणि एक-दोन नव्हे तर ढिगाने. ग्वांगझौच्या झूजियांग रुग्णालयातील फांग चिहुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या शस्त्रक्रिया आखताना संगणकावरच्या त्रिमितीय प्रतिमा आणि थ्रीडी प्रिंट या दोन्हींचा वापर केला आहे.

फांद्यांतले खडे काढणं एवढं अवघड का? फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ क्लोद क्विनो यांनी 1957 मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे यकृताचे 8 भाग मानतात आणि प्रत्येक भागाचं पित्त आपापल्या फांदीतून येतं. पण फांद्या कुठे, कशा जुळतात हे माणसागणिक बदलतं. उजवीकडची मागची फांदी काहींमध्ये चक्क डाव्या नलिकेला जाऊन मिळते. त्यात खड्याच्या अलीकडे नलिका बऱ्याचदा आक्रसलेली असते. शिवाय नलिका एकटी नसते. तिला बिलगून यकृताची धमनी आणि पोर्टल व्हेन जाते. खड्यापर्यंत पोचण्यासाठी बाहेरून घातलेली सुई थोडी चुकली तरी रक्तस्रावाचा धोका.

प्रतिकृतीची सुरुवात स्कॅनपासून होते. एमआरसीपीमध्ये, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयमध्ये, पित्त पांढरंशुभ्र दिसतं आणि खडा त्यात काळा डाग होऊन उमटतो. रक्तवाहिन्या दिसण्यासाठी शिरेतून औषध सोडून सीटी स्कॅन करतात, साधारण एक मिलिमीटर जाडीच्या कापांत. मग संगणकावर यकृत, नलिका, धमनी, पोर्टल व्हेन आणि खडे वेगवेगळ्या रंगांनी भरून सुटे केले जातात. सॉफ्टवेअर बरंचसं काम आपोआप करतं, पण मला विचाराल तर सगळी मदार इथे बसलेल्या माणसावर आहे. नलिकेतला हवेचा बुडबुडाही एमआरसीपीत काळाच दिसतो. तो खडा समजून रंगवला, तर छपाईयंत्र तो इमानदारीने छापणार. रुग्णाने श्वास नीट रोखला नसेल तर बारीक फांद्या पुसट होतात, आणि पुसट फांदी प्रतिकृतीत तुटलेली येते.

छपाईचं यंत्र ही तयार फाइल थरावर थर देत उभी करतं. यकृत पारदर्शक रेझिनमध्ये, आतल्या नळ्या रंगीत. काही तास जातात, कधी रात्रभरही. नंतर आधाराच्या काड्या तोडायच्या, चिकट रेझिन धुऊन काढायचं, अतिनील प्रकाशाखाली वस्तू पक्की करायची. काड्या तोडताना एखादी बारीक फांदीही हाती येते, म्हणून तयार प्रतिकृती एमआरसीपीशेजारी ठेवून फांद्या पुन्हा मोजून घेतलेल्या बऱ्या.

आता सर्जनचं काम. दक्षिण चीनमध्ये रुजलेल्या एका पद्धतीत बरगड्यांखालून, सोनोग्राफीवर बघत, सुई थेट यकृतातल्या फुगलेल्या नलिकेत घालतात. ती वाट टप्प्याटप्प्याने रुंद करत 16 फ्रेंचपर्यंत नेतात. फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, म्हणजे वाट झाली सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास. त्यातून न वाकणारी दुर्बीण आत जाते, खडे फोडले जातात आणि पाण्याच्या झोताने बाहेर काढले जातात. प्रश्न एवढाच की शिरायचं कुठल्या फांदीतून? खंबाटकी घाटाच्या वळणावर लांब ट्रेलर अडतो तशी ही दुर्बीण काटकोनी फाट्यावर अडते. जवळची फांदी सोपी वाटते, पण तिथून खड्यांकडे वळताच येत नाही. पलीकडची फांदी लांब असूनही सरळ रेषेत नेते. प्रतिकृती हातात फिरवून, तिच्या पोकळ नळीत त्याच मापाची सळई घालून हे आधीच तपासता येतं. यकृताचा एखादा भाग आक्रसून निकामी झाला असेल तर तो कापून काढावा लागतो. तिथेही कुठून कापायचं आणि मागे किती यकृत उरेल याचा अंदाज येतो.

हेच सगळं पडद्यावरही फिरवून बघता येतं की! खरं आहे, आणि अनुभवी सर्जनला बहुतेक वेळा पडदा पुरतो. छापील प्रतिकृतीचा फायदा शिकाऊ डॉक्टरांच्या सरावाला आणि रुग्णाच्या घरच्यांना समजावताना अधिक. तिच्या मर्यादाही ठाऊक हव्यात. ती स्कॅनच्या दिवशीची आहे. मधल्या काळात खडा सरकू शकतो. श्वासाबरोबर यकृत वर-खाली होतं, रेझिन होत नाही. म्हणून ऑपरेशन टेबलावर शेवटचा शब्द सोनोग्राफी आणि दुर्बिणीचाच.

घरात कुणाला असे खडे निघाले तर स्कॅन सेंटरमधून फक्त फिल्म आणि रिपोर्ट घेऊन बाहेर पडू नका. मूळ स्कॅनची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या आणि जपून ठेवा. त्रिमितीय प्रतिमा असो वा छापील प्रतिकृती, ती त्या फाइलवरूनच बनते, फिल्मवरून नाही.