मोत्याचें पथ्य

कुत्र्याच्या पोटावर लेख लिहिण्याचा प्रसंग आपल्यावर येईल असें मला कधीं वाटलें नव्हतें. सदतीस वर्षें मुलांना ‘देव’ शब्द चालविण्यास शिकविलें, सेवानिवृत्त होऊन वाईस कृष्णेकांठच्या वडिलोपार्जित घरीं येऊन राहिलों, आणि सकाळीं थोडें वाचन व सायंकाळीं घाटावर एक फेरी एवढाच व्यवसाय उरला. परंतु मध्यंतरीं एक वर्ष असें गेलें कीं, त्यांत आमच्या मोत्याच्या आंतड्यांचा जेवढा विचार मीं केला तेवढा रघुवंशाचाहि आयुष्यांत केला नसेल. त्या विचारांतून जें हातीं लागलें तें इतर कुटुंबांच्या उपयोगीं पडेल असें वाटतें; शिवाय त्या प्रकरणांत एक अपराध माझ्या पदरीं आहे, तो उघड सांगितल्यावांचून मला बरें वाटणार नाहीं; म्हणून हा लेख लिहीत आहें.

मोत्या गांवठी जातीचा. २०२१ सालच्या पावसाळ्यांत धाकट्या नातवानें त्याला घाटाच्या पायरीवरून उचलून आणलें, तेव्हां तो भिजून अगदीं मुठीएवढा झाला होता. आमचें घर बारा माणसांचें. मी व माझी पत्नी, धाकटे बंधु व त्यांची मंडळी, दोघे मुलगे, दोघी सुना, तीन नातवंडें, आणि या सर्वांवर आमची आत्या. आत्या ही माझ्या वडिलांची सर्वांत धाकटी बहीण. वय शहाऐंशी, दृष्टि मंद, पण कान तिखट. मोत्या पडवींत आला कीं त्याच्या नखांच्या आवाजावरून ती त्याला ओळखते.

पहिलीं दोन वर्षें मोत्या उत्तम वाढला. २०२३ सालच्या श्रावणांत मात्र त्याचें पोट बिघडलें आणि तें बिघडलेलेंच राहिलें. सकाळीं पोटांत गुरगुर ऐकूं येई, तो अंगणांत जाऊन गवत खाई, ओके, आणि शौच पातळ होई. औषधानें चार दिवस बरें वाटे, पांचव्या दिवशीं पूर्वपदावर. श्रावणांत एकोणीस किलो भरलेला प्राणी माघांत चौदा किलोंवर आला. बरगड्या मोजून घ्याव्या अशी स्थिति झाली. नातवंडें त्याच्याजवळ जाऊन बसत, पण त्याला शेपूट हालविण्याचेंहि त्राण नसे.

आतां माझा अपराध. आमचे बंधु अद्यापि नित्य वैश्वदेव करतात. तो झाला म्हणजे काकबळीबरोबर श्वानासाठीं म्हणून अळणी भाताचा एक गोळा निघतो. मोत्या घरांत आल्यापासून तो गोळा आत्या स्वतः मागच्या पायरीवर बसून त्याला आपल्या हातानें भरवी. तिच्या दिवसांतील तेवढेंच एक काम तिला कोणाच्या मदतीवांचून करतां येई. मोत्याचें दुखणें लांबलें, तेव्हां मीं एके दिवशीं जेवतांना निर्णय जाहीर केला कीं, या सर्वांचें मूळ तो भात होय. ओला भात कुत्र्याला सोसत नाहीं, त्यानें वायु धरतो. यास आधार काय, असें मला कोणी विचारलें नाहीं. मास्तराला घरांत कोणी आधार विचारीत नाहीं. “आत्या, उद्यांपासून त्याला भात घालूं नकोस,” असें मीं सांगितलें. ती “बरें” म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही गोळे कावळ्यांसाठीं कुंपणाच्या भिंतीवर जाऊं लागले.

भात बंद झाला, पण मोत्याचें पोट सुधारलें नाहीं. शेवटीं मुलानें त्याला मोटारींत घालून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत नेलें. मीहि बरोबर गेलों. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई वयानें माझ्या शेवटच्या विद्यार्थिनींएवढ्या असतील. त्यांनीं प्रथम विचारलें, “काका, हा दिवसभरांत काय काय खातो?” मीं सांगितलें, “दोन वेळां पोळी, आमटींत कुसकरून.” बाई म्हणाल्या, “हें तुम्ही घालतां तें झालें. घरांतले बाकीचे काय घालतात?” यावर मजजवळ उत्तर नव्हतें. त्यांनीं आम्हांस एक वही घालावयास सांगितली. आठ दिवस, कोणीं, केव्हां, काय दिलें, लपविल्यावांचून लिहावयाचें, आणि कोणीं कोणावर रागवावयाचें नाहीं.

ती वही मीं जपून ठेविली आहे. तींत धाकट्या नातवाचीं बिस्किटें आहेत, बंधूंचा चिवडा आहे, मोठ्या सुनेची तूप लावलेली गरम पोळी आहे, एका शुक्रवारचे फुटाणे आहेत, आणि रोज दोन वेळां माझ्या हस्ताक्षरांत ‘चहाच्या वेळीं बशीभर दूध’ अशी नोंद आहे. तीन वर्षें मी त्याला बशी लावीत होतों. पण तें खाणें आहे असें वही घालीपर्यंत माझ्या मनांतहि आलें नव्हतें.

तीन आठवड्यांहून अधिक काळ चाललेलें पोटाचें दुखणें हें जुनाट समजतात, आणि अशा दुखण्यांत एकदम आहाराकडे न वळतां आधीं इतर कारणें वगळावीं लागतात. शौच तीन दिवस लागोपाठ तपासलें, कारण जंत व जिआर्डिया नांवाचा सूक्ष्म जीव एका दिवसाच्या तपासणींत हुलकावणी देतात. स्वादुपिंडाचा पाचक रस कमी पडत असेल, तर प्राणी खा-खा करतो आणि वाळत जातो. त्याची रक्तावरून परीक्षा होते, तीहि केली. दोष निघाला तो इतकाच कीं, बी-१२ जीवनसत्त्व फार उतरलें होतें. आंतडें दीर्घकाळ सुजलेलें असलें म्हणजे तें शोषलें जात नाहीं. त्यासाठीं आठवड्यास एक याप्रमाणें सहा टोंचण्या ठरल्या. मग बाई म्हणाल्या कीं, अशा दुखण्याचीं पुष्कळशीं कुत्रीं केवळ आहार बदलल्यानें सुधारतात, आणि सुधारावयाचीं असलीं तर बहुधा दोन आठवड्यांत खूण दिसते. सूज उतरविणारीं जालीम औषधें त्यानंतरचीं.

बदल म्हणजे काय, हेंहि समजून घेण्यासारखें आहे. शरीर ज्या पदार्थावर उलटतें तो बहुधा नेहमींच्या खाण्यांतला असतो. म्हणून कांहीं आठवडे एकच धान्य आणि पूर्वीं कधींच न खाल्लेला असा एकच प्रथिनयुक्त पदार्थ, याखेरीज कांहीं द्यावयाचें नाहीं. विलायतेंत ही निवड कठीण जाते, कारण तेथील कुत्र्यानें बहुतेक सर्व मांसें खाल्लेलीं असतात. आमच्या मोत्यानें अंडें उभ्या जन्मांत पाहिलें नव्हतें. तेव्हां अंडें ठरलें. आणि धान्य? “भात,” बाई म्हणाल्या, “चांगला मऊ शिजवून.” मीं चमकून विचारलें, “भातानें त्रास होत नाहीं?” त्या म्हणाल्या, “भातासारखें पचावयास हलकें धान्य मी दुसरें कोणतें सांगूं?” परतीच्या वाटेवर मी मोटारींत फारसें बोललों नाहीं.

अंड्यावरून घरांत सभा भरली. कुत्रा तर मांसाहारी प्राणी, मग आपण त्याला इतके दिवस उपाशीच मारलें कीं काय, असा थोरल्या मुलाचा प्रश्न. तसेंहि नाहीं. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें दिसून आलें कीं, पिष्ट पचविणारें द्रव्य निर्माण करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यांत दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत कितीतरी अधिक. माणसाच्या उष्ट्यावर हजारों वर्षें वाढल्याचा हा परिणाम. त्यामुळें नीट बेतलेल्या शाकाहारावर कुत्रा जगूं शकतो. मांजराची गोष्ट वेगळी, त्याला प्राणिज अन्नावांचून गत्यंतर नाहीं. पण येथें प्रश्न जातीचा नव्हता, औषधाचा होता. सर्वांचे डोळे आत्याकडे लागले. ती म्हणाली, “माझ्या चुलीवर नको. बाहेर पडवींत उकडा. त्याची कांहीं मुंज लागलेली नाहीं.” सभा संपली.

नवें अन्न एकदम सुरू करूं नये. पहिले दोन दिवस पाव हिस्सा नवें, मग अर्धें, मग पाऊण, असें आठवड्यांत पुरें बदलावें, अशी सूचना होती. ती ऐकून मला चरकाच्या सूत्रस्थानांतील पादांशिक क्रमाची आठवण झाली. सवयीची अहितकर वस्तु पावापावानें सोडावी आणि हितकर वस्तु त्याच मापानें धरावी, असें तेथें माणसासाठीं सांगितलें आहे. अंडें मात्र पूर्ण उकडलेलेंच हवें; कच्च्या पांढऱ्या बलकांतील एक द्रव्य शरीरांतील बायोटिन नांवाचें जीवनसत्त्व अडवून धरतें.

खरी परीक्षा अन्नाची नव्हती, आमची होती. एका बिस्किटानें दोन आठवड्यांचा प्रयोग फुकट जातो, असें बाईंनीं बजावलें होतें. म्हणून मोत्याला वाढावयाचें तें एकट्या धाकट्या सुनेनें, असा नियम झाला. बाकीच्या अकरा जणांनीं हात मागें बांधावे. बंधूंना हें फार जड गेलें. रोजच्या शौचाला एकपासून पांचपर्यंत गुण देण्याचें काम मजकडे आलें. गुण देण्यांत माझा जन्म गेला, पण असल्या विषयाची पत्रिका तपासण्याची पाळी प्रथमच आली. पहिले आठ दिवस एक किंवा दोन, त्यापुढें कधींच नाहीं. नवव्या दिवशीं मीं तीन लिहिले. पंधराव्या दिवशीं चार. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मोत्या पंधरा किलो भरला आणि नातवाच्या हांकेला उठून आला.

येथें पुष्कळ लोक थांबतात. प्राणी बरा झाला, पण कशानें बिघडला होता तें कळत नाहीं, आणि जन्मभर दोन पदार्थांवर ठेवणेंहि बरें नव्हे. म्हणून जुने पदार्थ एकेक करून, प्रत्येकाला आठवडाभर अवधि देऊन, पुन्हा घालून पाहिले. मुगाच्या डाळीचें वरण निभावलें. तांबडा भोपळा निभावला. पोळीवर माझा मोठा संशय होता, तीहि निर्दोष ठरली. मग दूध. दुसऱ्याच दिवशीं गुरगुर, ओकारी, आणि माझ्या वहींत एक गुण.

आई पाजते तोंवर पिलाच्या आंतड्यांत दुधांतील साखर फोडणारें पाचक द्रव्य भरपूर असतें. पिणें सुटलें कीं तें कमी कमी होत जातें. न पचलेली साखर मोठ्या आंतड्यांत उतरली म्हणजे पाणी ओढून घेते, जंतु तिला आंबवितात, आणि पोट ढवळतें. पण मोत्याचें प्रकरण एवढेंच नव्हतें. तो पुरता सांवरल्यावर त्याला दोन चमचे चक्का देऊन पाहिला. चक्क्यांतून ती साखर बहुतेक पाण्याबरोबर निघून गेलेली असते; तरी तोच प्रकार झाला. म्हणजे त्याचें शरीर दुधांतील प्रथिनावरच उलटत होतें. हें विरळाहि नाहीं. अन्नामुळें त्वचेचे विकार झालेल्या २९७ कुत्र्यांची माहिती २०१६ सालीं एकत्र केली गेली. त्यांत गोमांस ३४ टक्के, दूधदुभतें १७, कोंबडी १५ आणि गहूं १३ टक्के ठिकाणीं दोषी आढळला. भाताचें नांव या चौघांत नाहीं.

महाभारताच्या आदिपर्वांत, पौष्यपर्वाच्या आरंभीं, सरमेच्या पिलाची कथा आहे. जनमेजयाच्या सत्रांत तें पिलूं शिरलें, आणि त्याच्या भावांनीं त्याला बडविलें. तें रडत आईकडे गेलें आणि म्हणालें कीं, मीं हविर्द्रव्याकडे पाहिलें नाहीं कीं तें चाटलेंहि नाहीं. सरमेनें येऊन विचारलें, याला कां मारलें? कोणी कांहींच बोललें नाहीं. ही कथा मीं वर्गांत अनेकदां सांगितली, आणि ‘कोणी कांहींच बोललें नाहीं’ येथें थांबून मुलांकडे पाहण्याची मला संवय होती.

त्या सायंकाळीं मी आत्याजवळ पायरीवर जाऊन बसलों. म्हटलें, “आत्या, तुझ्या भातानें कांहीं झालें नव्हतें. माझ्या दुधानें झालें. पांच महिने तुला उगीच बंद करावयास लावलें.” ती थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “मला वाटलेंच होतें. पण तूं शिकलेला, म्हणून गप्प बसलें.” हें ती टोंचून म्हणाली नाहीं, आणि म्हणूनच तें मला अजून आठवतें.

आतां मोत्याचा आहार असा: मऊ भात, मुगाचें वरण, एक उकडलेलें अंडें, भोपळा, चमचाभर तेल, आणि बाईंनीं मापून दिलेली चुन्याची व जीवनसत्त्वांची पूड. ही पूड कोणी अनावश्यक समजूं नये. घरीं शिजविलेल्या अन्नांत चुना हटकून कमी पडतो. अमेरिकेंत २०१३ सालीं कुत्र्यांसाठींच्या २०० घरगुती पाककृति तपासल्या, तेव्हां त्यांतील ९५ टक्क्यांत कांहीं ना कांहीं आवश्यक द्रव्य उणें निघालें. माझी यादीहि कोणी तशीच्या तशी उचलूं नये. तुमच्या कुत्र्याला अंडेंच बाधत असेल.

मात्र कांहीं वस्तु कोणत्याहि कुत्र्याला नकोत. कांदा व लसूण, कच्चे असोत वा शिजविलेले, त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षें व बेदाणे यांनीं मूत्रपिंडें निकामी होतात. त्यांतील टार्टारिक आम्ल याला कारण असावें असा २०२१ पासून पशुवैद्यांचा तर्क आहे, आणि तें आम्ल चिंचेंतहि असतें. तेव्हां आमची आमटींत कुसकरलेली पोळी, जिला मी शहाणपणाचें अन्न समजत होतों, तिच्यांतली पोळी तेवढी निरुपद्रवी होती. प्रसादाच्या शिऱ्यांतील बेदाणे मुलें प्रेमानें देतात, त्यांना आधींच सांगून ठेवावें. चॉकलेट आणि साखरेऐवजीं झायलिटॉल घातलेल्या गोळ्या याहि त्याच पंक्तींतल्या. तूपकट, तळलेलें अन्न एकदम पोटांत गेल्यास स्वादुपिंडाला सूज येऊन जीवावर बेतूं शकतें.

मोत्या आज अठरा किलोंच्या वर आहे. वैश्वदेव झाला कीं आत्या मागच्या पायरीवर येऊन बसते आणि गोळा हातांत धरून नखांचा आवाज ऐकत राहते. चहाच्या वेळीं तो अजून माझ्याकडे येतो, समोर बसतो, बशीकडे पाहतो. मी चहा पेल्यांतून पितों.