ओळखक्रमांकांची रचना (भाग ६) : वाहन परवान्याचा क्रमांक

भारतातल्या वाहनचालक परवान्याच्या क्रमांकात पंधरा खुणा असतात : सुरुवातीला दोन रोमन अक्षरे आणि मागोमाग तेरा अंक. अक्षरे राज्याची. पुढचे दोन अंक परवाना देणाऱ्या परिवहन कार्यालयाचे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या आरटीओचे. त्यानंतरचे चार अंक परवाना दिल्याच्या वर्षाचे आणि उरलेले सात अनुक्रमांकाचे. ‘एमएच १२ २०१५ ९८७६५४३’ हा क्रमांक घेतला, तर महाराष्ट्र, पुणे कार्यालय, सन २०१५ आणि पुढे अनुक्रमांक असा त्याचा उलगडा होतो. इतका मोठा अनुक्रमांक प्रत्यक्षात कोणाच्या नावावर असण्याचा संभव नाही, म्हणूनच तो येथे नमुन्याला घेतला आहे. साच्यात मात्र तो चपखल बसतो. साचा तपासणे आणि परवाना तपासणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे एवढ्यावरूनच दिसते.

साचा तपासण्याची गरज मुख्यतः अर्ज भरून घेणाऱ्यांना पडते. विमा कंपन्या, भाड्याने गाड्या देणारे, चालक नेमणाऱ्या संस्था, बँका हे सारे परवान्याचा क्रमांक मागतात आणि तो बहुधा माणसाने हाताने टाइप केलेला असतो. एखादा अंक गळतो, एखादा दोनदा पडतो, कोणी नजरचुकीने परवान्याऐवजी गाडीचाच क्रमांक लिहितो. असल्या चुका अर्ज पुढे सरकण्याआधीच पकडणे, एवढेच या तपासणीचे काम.

तपासणीआधी क्रमांक निवडून घ्यावा लागतो. परवाना, झेरॉक्स आणि लोकांच्या वह्या यांत तोच क्रमांक निरनिराळ्या तऱ्हेने आढळतो : कोठे राज्याच्या अक्षरांनंतर आडवी रेघ, कोठे कार्यालयाच्या अंकांनंतर मोकळी जागा, तर कोठे सगळे सलग. परिवहन खात्याच्या ‘सारथी’ या संगणकप्रणालीत रेघ किंवा मोकळी जागा धरून नेमक्या सोळा खुणा भराव्या लागतात. रेघ राज्याच्या अक्षरांनंतर येते, मोकळी जागा कार्यालयाच्या अंकांनंतर. रेघ आणि मोकळी जागा काढून टाकली, लहान लिपीतली अक्षरे मोठी केली, की सगळ्या तऱ्हा एकाच पंधरा खुणांवर येतात. ज्या तपासणीत हे आधी केले जात नाही, ती निर्दोष क्रमांक परत पाठवते आणि अर्जदाराला आपले काय चुकले ते कळतही नाही. रेघेतही एक खोच आहे. मोबाइल आणि लेखनाची सॉफ्टवेअरे छोट्या रेघेच्या जागी कधीकधी आपणहून लांब रेघ घालतात. डोळ्याला फरक जाणवत नाही, संगणकाला ती निराळीच खूण वाटते.

मराठी कळफलक वापरणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. देवनागरी १२ आणि रोमन लिपीतले बारा हे संगणकाच्या दृष्टीने वेगळे अंक आहेत. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘कोणताही अंक’ या अर्थाची खूण देवनागरी अंकही मान्य करते, जावास्क्रिप्टमधली तशीच खूण करत नाही. परिणामी एकच अर्ज ब्राउझरमध्ये अडतो आणि सर्व्हरवर सुटतो, किंवा देवनागरी अंक तसेच नोंदीत जाऊन बसतात आणि नंतर शोधताना सापडत नाहीत. सुरुवातीलाच असे अंक रोमन अंकांत बदलून घेणे सर्वांत सोयीचे.

रोमन ‘ओ’ आणि शून्य, तसेच ‘आय’ आणि एक, यांची गल्लत जुनीच आहे. पण या क्रमांकात कोणत्या जागी अक्षर आणि कोणत्या जागी अंक हे ठरलेले असल्यामुळे ती निस्तरता येते. तिसऱ्या खुणेपासून पुढे ‘ओ’ दिसला तर तेथे शून्यच हवे. उलट ओडिशाच्या क्रमांकात पहिल्याच जागी शून्य पडले असेल, तर तेथे ‘ओ’ अभिप्रेत असतो. पॅनमध्ये अक्षरे दोन टोकांना आणि अंक मधे असल्याने तेथेही ही युक्ती चालते. आधारचे बाराही अंकच असल्याने तेथे अक्षराचा प्रश्नच येत नाही.

आता एकेक भाग. राज्याची अक्षरे ‘कोणतीही दोन’ अशी मानली, तर ‘एक्सएक्स’ किंवा ‘झेडक्यू’सुद्धा चालून जातील, म्हणून यादीशी ताडून पाहणे बरे. आज देशात २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत, पण ३६ संकेतांची यादी पुरत नाही. उत्तरांचलचे उत्तराखंड झाल्यावर ‘यूए’चे ‘यूके’ झाले, ओरिसाचे ओडिशा झाल्यावर ‘ओआर’चे ‘ओडी’ झाले. तेलंगणाला २०१४ मध्ये ‘टीएस’ मिळाले आणि २०२४ मध्ये ते बदलून ‘टीजी’ करण्यात आले. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे प्रदेश २६ जानेवारी २०२० रोजी एक झाले, त्याआधी दोघांचे संकेत स्वतंत्र होते. राज्याचे नाव बदलले म्हणून लोकांच्या खिशातले परवाने बदलत नाहीत, तेव्हा जुने संकेतही यादीत राहायला हवेत. याउलट ‘बीएच’ यादीत नको. २०२१ मध्ये सुरू झालेली भारत मालिका गाड्यांच्या नोंदणीसाठी आहे, चालकांच्या परवान्यासाठी नाही, आणि बिहारचा संकेत ‘बीआर’ आहे. दिल्लीची तऱ्हा तर मजेशीर. तिचा संकेत ‘डीएल’, आणि अर्जांवर ‘ड्रायव्हिंग लायसन्स’चे लघुरूपही तेच. ‘डीएल क्रमांक’ या शब्दांतले ‘डीएल’ क्रमांकाचाच भाग समजून कोणी पुढे एमएच लिहिले, की सतरा खुणा होतात. तपासणीने ते ओळखून दाखवले तर उत्तमच.

कार्यालयाचे दोन अंक वाहनधारकांच्या परिचयाचे असतात, कारण गाड्यांच्या पाटीवरही तेच संकेत दिसतात : ताडदेव ०१, अंधेरी ०२, ठाणे ०४, कोल्हापूर ०९, पुणे १२, पिंपरी-चिंचवड १४, नाशिक १५, नागपूर ३१. गोव्यात पणजीच्या कार्यालयाचा संकेत जीए-०७. शून्य-शून्य चालणार नाही हे उघड आहे. पण प्रत्येक राज्यातल्या कार्यालयांची पक्की यादी तपासणीत घालण्याचा मोह टाळलेला बरा. नवी कार्यालये निघत राहतात, आणि यादी शिळी झाली की सर्वांत ताजे परवानेच नाकारले जातात. पत्त्यावरून संकेत ताडणे त्याहून चुकीचे. बोरिवलीला ४७ हा स्वतंत्र संकेत मिळण्यापूर्वी तेथील रहिवासी अंधेरी कार्यालयाच्या हद्दीत होते, त्यामुळे बोरिवलीकराच्या जुन्या परवान्यावर ०२ असणे स्वाभाविक आहे. नोकरीनिमित्त नागपूरहून पुण्याला आलेल्याच्या परवान्यावर ३१ असते तेही तसेच. परवाना जेथे निघाला तेथील संकेत पुढेही सोबत राहतो.

वर्षाचे चार अंक हा या क्रमांकातला सर्वांत उपयोगी भाग. कार्यालय किंवा अनुक्रमांक यांविषयी बाहेरच्याला फारसे काही म्हणता येत नाही, वर्षाविषयी येते. प्रचलित तपासण्यांत ‘१९ किंवा २० आणि पुढे कोणतेही दोन अंक’ एवढाच नियम आढळतो. त्यात २०९९ सालचा परवानाही खपून जातो. वरची मर्यादा चालू वर्षाची हवी, आणि तीही तपासणीच्या दिवशी संगणकाच्या घड्याळावरून घेतलेली. नियम लिहिताना चालू असलेले वर्ष त्यात कोरून ठेवले, तर पुढच्या १ जानेवारीपासून नवे परवाने अडू लागतात. खालची मर्यादा ढिली ठेवावी. सध्याचा मोटार वाहन कायदा १९८८चा, तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. म्हणून १९८९च्या आधीचे वर्ष असूच शकत नाही, असा तर्क काही जण लढवतात. तो फसतो, कारण त्याआधीचे परवानेही नव्या साच्यात त्यांच्या मूळ वर्षासह बसवले जातात.

अर्जात जन्मतारीख असेल तर आणखी एक ताळा पाहता येतो. पन्नास घनसेंटिमीटरपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी किमान वय १६, इतर खासगी वाहनांसाठी १८, व्यावसायिक वाहनांसाठी २०. परवान्याच्या वर्षातून जन्मवर्ष वजा करून सोळापेक्षा कमी उरले, तर दोहोंपैकी एक नोंद चुकीची आहे. मात्र ‘टीएस’ आणि २०११ अशी जोडी दिसली, तर शंका घ्यावी, लगेच नाकारू नये. संगणकात जुन्या नोंदी चढवताना कोणता संकेत लावला गेला असेल, हे अर्ज घेणाऱ्याला ठाऊक नसते.

अनुक्रमांकाचे सात अंक असायलाच हवेत, याहून अधिक काही सांगण्यासारखे नाही. आरंभीची शून्ये जपावी लागतात, एवढे खरे. क्रमांकाचे तुकडे करून एक्सेलच्या वेगवेगळ्या रकान्यांत ठेवले, की शेवटचा तुकडा संख्या समजून त्याची शून्ये गळतात आणि पुन्हा जोडताना पंधराऐवजी बारा-तेरा खुणाच हाती राहतात. रकाना मजकुराचा ठेवल्यास हे टळते.

जुन्या परवान्यांची गोष्ट वेगळी. संगणकीकरणापूर्वी प्रत्येक राज्याची आपापली पद्धत होती. तिरप्या रेघा, मधेच अक्षरे, दोनच अंकी वर्ष असे प्रकार त्यांत आढळतात. ‘सारथी’त ते भरण्यासाठी एक नियम आहे : मधली अक्षरे गाळावीत, दोन अंकी वर्ष चार अंकी करावे, आणि अनुक्रमांक सातपेक्षा कमी अंकांचा असेल तर डावीकडे शून्ये भरावीत. ‘आरजे-१३/डीएलसी/९८/९८७६५४’ याचे अशा रीतीने ‘आरजे-१३१९९८०९८७६५४’ होते. हे बदलाचे काम अर्जदारावर न टाकता तपासणीनेच करून द्यावे आणि झालेला बदल त्याला दाखवून मान्यता घ्यावी. शिकाऊ परवाना या सगळ्यापासून निराळा. त्यात राज्य आणि कार्यालय यांच्या पुढे तिरप्या रेघेनंतर अनुक्रमांक येतो आणि वर्ष शेवटी. त्याची मुदत सहा महिने. ज्या कामाला पक्के लायसन लागते तेथे हा क्रमांक अडायलाच हवा, पण ‘क्रमांक चुकीचा’ असे न म्हणता ‘हा शिकाऊ परवान्याचा क्रमांक दिसतो’ असे म्हणून.

एवढे करूनही एक मोठी फट राहते. आधारचा बारावा अंक आधीच्या अकरांवरून व्हेरहूफ पद्धतीने काढलेला असतो. जीएसटी क्रमांकही पंधरा खुणांचाच, आणि त्याची पंधरावी खूण ताळ्याची असते. अशा क्रमांकांत एक अंक चुकला तरी ताळा जमत नाही. वाहन परवान्यात ताळ्याचा अंकच नाही. सुरुवातीच्या नमुन्यात शेवटच्या ४३ऐवजी ३४ लिहिले तरी साचा तोच राहतो, आणि असलाच तर तो दुसऱ्या कोणाचा तरी परवाना ठरतो. सात अंकांपैकी एक ताळ्याला दिला असता तरी दहा लाख अनुक्रमांकांची जागा उरली असती, पण या क्रमांकाची घडण कार्यालयाच्या नोंदवहीच्या सोयीने झालेली दिसते.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाला तेथील परवान्यात याच्या उलट टोक दिसते. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधला चालक क्रमांक सोळा खुणांचा असतो. पहिल्या पाच आडनावाच्या. आडनाव आखूड असेल तर उरलेल्या जागी ९ भरतात, म्हणजे ‘राव’ या आडनावाच्या तीन रोमन अक्षरांपुढे ९९ येते. मग जन्मवर्षाच्या दशकाचा अंक, जन्ममहिना, दिवस, वर्षाचा शेवटचा अंक. स्त्री असल्यास महिन्याच्या पहिल्या अंकात ५ मिळवतात, त्यामुळे २३ एप्रिल १९८७ रोजी जन्मलेल्या स्त्रीच्या क्रमांकात मधले सहा अंक ८५४२३७ असे येतात. त्यापुढे नावांची आद्याक्षरे, एक जादा खूण आणि शेवटी ताळ्याच्या दोन खुणा. तेथे अर्जातले नाव आणि जन्मतारीख यांच्याशी क्रमांक जागच्या जागी पडताळता येतो. त्याची किंमतही आहेच : क्रमांक ज्याच्या हाती पडला त्याला मालकाची जन्मतारीखही कळते. भारतीय क्रमांकातून वय, लिंग, नाव यांपैकी काहीच बाहेर पडत नाही.

तो देत नाही अशा गोष्टींत परवान्याची मुदत आणि वाहनाचा वर्गही येतात. २०१५ पाहून परवाना चालू आहे की संपला हे ठरत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर खासगी वाहनांचा परवाना तिशीच्या आत काढला तर चाळिशीपर्यंत चालतो, तीस ते पन्नास वयात काढला तर दहा वर्षे. व्यावसायिक वाहनांच्या परवान्याची मुदत सर्वसाधारणपणे पाच वर्षांची. म्हणून साचा जुळल्यावर पुढची पायरी ‘परिवहन’ संकेतस्थळावरच्या नोंदीची. तेथे क्रमांकासोबत जन्मतारीख द्यावी लागते, आणि दोन्ही जुळल्यावरच मुदत, वर्ग आणि परवान्याची सद्यस्थिती दिसते. क्रमांकात नसलेला ताळा येथे काही अंशी जन्मतारीख भरून काढते : चुकून दुसऱ्याचा क्रमांक पडला, तर त्याची जन्मतारीख जुळण्याचा संभव फार कमी.