निर्वासित स्त्रियांचे शिक्षण : वळिवडे आणि अफगाणिस्तान

अफगाणिस्तानात सप्टेंबर २०२१ पासून मुलींसाठी सहावीपुढील शाळा आणि डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठे बंद झाली. देश सोडून आलेल्या अशा मुलींचे शिक्षण आश्रयभूमीत चालू शकते काय? महाराष्ट्रात त्याचा पूर्वानुभव आहे. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत स्त्रिया व मुलेच बहुसंख्य होती. सोव्हिएत हद्दपारीनंतर इराणमार्गे आलेल्या या समाजाने छावणीत प्राथमिक व माध्यमिक शाळा चालविल्या. माध्यम पोलिश होते आणि शिक्षकही बहुतांशी निर्वासितांपैकीच होते. हे केवळ यजमानांच्या औदार्याने घडले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. लंडनस्थित पोलिश सरकार त्यांच्या पाठीशी होते.

अफगाण मुलीच्या पाठीशी असे सरकार नाही. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर स्वाक्षरी केलेली नाही. स्वतंत्र निर्वासित कायदाही नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयोगटातील बालकाला वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. त्यापुढे मात्र मागील इयत्तेचे गुणपत्रक मागितले जाते, आणि सातवीचा वर्ग तर तिला पाहावयासही मिळालेला नसतो.