मिनिटाला १२० पावलं ते एक झाड

मागच्या भागात आपण गुडघ्यांबद्दल बोललो. आज त्याच गुडघ्यांना घेऊन जपानला जाऊ.

कवायतीच्या मैदानावर मिनिटाला १२० पावलं टाकायची, हे आमच्या अंगात मुरलेलं. निवृत्तीनंतरही फिरायला निघालो की मी पुढे आणि आमच्या सौभाग्यवती पन्नास पावलं मागे. तीस वर्षं हेच चाललं. ती कधी बोलली नाही, मीही कधी वळून पाहिलं नाही.

मुलीकडे टोकियोला गेलो तेव्हा ताकाओ डोंगरावर जायचं ठरलं. उंची फक्त ५९९ मीटर. शिंजुकूहून लोकल ट्रेनने तासाभरात पायथा गाठता येतो. १९६७ साली या भागाला निसर्ग-उद्यानाचा दर्जा मिळाला. अर्ध्या वाटेपर्यंत केबल कार आहे. हिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून आम्ही तिने वर गेलो. पुढे याकुओइन हे जुनं बौद्ध मंदिर. तिथे नाकाड्या तेंगूंच्या मूर्ती आहेत.

मंदिराआधी चार नंबरची वाट फुटते. गर्दी सुटते, पायाखाली माती येते आणि मध्ये एक झुलता पूल लागतो. गंमत बघा, डोंगराच्या दक्षिण उतारावर सदाहरित झाडं, तर उत्तरेला पानगळीची. एकाच डोंगराला दोन जंगलं, कारण एका अंगाला ऊन जास्त!

मी सवयीने घड्याळ लावलं. मुलगी म्हणाली, "बाबा, इथे वेळ नाही मोजायचा." जपानी लोक याला 'शिनरिन-योकू' म्हणतात, म्हणजे वनस्नान. हा शब्द १९८२ साली तिथल्या वनखात्याने रूढ केला. यात व्यायाम नाही, शिखर गाठणं नाही. हळू चालायचं, थांबायचं, वास घ्यायचा, ऐकायचं. अशा फिरण्यानंतर नाडी आणि ताणाचं हार्मोन कमी झाल्याचं तिथल्या अभ्यासांत दिसलं आहे. पण हे औषध नव्हे. रक्तदाबाच्या गोळ्या चालूच ठेवा.

पुलावर मी थांबलो. पहिल्यांदाच ही माझ्या बरोबरीने येऊन उभी राहिली. म्हणाली, "इतकी वर्षं मला तुमची पाठच दिसत होती." मंडळी, उत्तर नव्हतं माझ्याकडे.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला किंवा बेळगावला, यासाठी जपानला जायची गरज नाही. जवळची जुनी झाडं असलेली बाग निवडा. फोन खिशात ठेवा. दहा मिनिटं इतकं हळू चाला की बोलताना धाप लागणार नाही. एका झाडापाशी थांबा, खोडाला हात लावा. उतरताना पावलं छोटी टाका. आणि एक नियम माझ्याकडून: सोबत जो सगळ्यात हळू चालतो, त्याचीच चाल सगळ्यांची चाल.

हा नियम मला फौजेत असल्यापासून माहीत होता. घरात लागू करायला मात्र तीस वर्षं लागली.